माझ्या खिशात वाजलेला सटाण्याचा बँड

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ऑफिसात तर नाहीच. गेल्या मार्गशीर्षात तीन दिवस मी सटाण्याच्या एका लग्नाच्या बँडचा मालक होतो. बँडच्या खऱ्या मालकाला हे ठाऊक आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं इथे लिहितो.

मला ओळखणाऱ्यांना हे पटणार नाही. मी फार बोलत नाही. रिक्षावाल्यानं घराच्या पुढे नेऊन सोडलं तरी उतरून गुपचूप मागे चालत येणारा माणूस मी. सोनवणे घरी आहेत की नाहीत हे आमचे नाशिकच्या सिडकोतले शेजारी माझ्या आवाजावरून नाही, गॅलरीतल्या दिव्यावरून ठरवतात. अशा माणसाला आमच्या मोबाइल कंपनीनं भाषणं करायला बाहेरगावी पाठवलं. कारण विचारलं तर साहेब म्हणाले, “तुम्ही प्रामाणिक दिसता.” दिसता, म्हणाले.

मोहिमेचं नाव होतं ‘हिरवं सिम’. प्लॅस्टिकचं कार्ड फोनमध्ये घालायचं बंद करायचं आणि फोनच्या पोटात आधीच बसवलेल्या चिपवर आपला नंबर उतरवून घ्यायचा. डिजिटल सिम. वेगळं कार्ड नाही, त्याचं पाकीट नाही, पाकिटाचा खोका नाही, खोका गावोगाव पोचवणारा टेम्पो नाही. हे मला मनापासून पटलेलं होतं, कारण उलटी बाजू मीच पाहिली होती. तरुणपणी मी बाजारात कंपनीची छत्री लावून सिम विकायचो. सिम नखाएवढं, पण ते निघायचं एटीएम कार्डाएवढ्या चौकटीतून. सिम गिऱ्हाइकाला द्यायचं, चौकट खाली टाकायची. संध्याकाळी छत्री मिटली की खाली पांढऱ्या चौकटींचा सडा. त्यातली एकही कुजलेली नसणार. माझ्याआधी मी कुजेन.

तर सटाणा, कळवण, वणी असा दौरा ठरला. सोबत बॅग, पत्रकं आणि एक मोठा बॅनर: ‘प्लॅस्टिकला नाही म्हणा’.

सटाणा

नाशिकची थंडी जरा विचारून अंगाला लागते, सटाण्याची न विचारता. चहाचंही तसंच. आमच्याकडे नाशकात पाहुण्याला “चहा घेणार का?” म्हणतात आणि उत्तराची वाट बघतात. इथे दुकानाच्या ओट्यावर टेकलात की चहा येतो. नको म्हणालात तर अर्धा येतो.

बाजारचा दिवस होता. एका कापडदुकानाच्या ओट्यावर जागा मिळाली. मी बॅनर बांधत असतानाच एक पागोटंवाले बाबा जवळ आले. बॅनरला बोट लावून त्यांनी विचारलं, “सायेब, हाऊ बॅनर कसाना शे?”

मी म्हणालो, फ्लेक्सचा.

“म्हन्जे प्लास्टिकच ना?”

मी हो म्हणालो. मोहिमेची सुरुवात अशी झाली.

भाषण मी पाठ केलं होतं, पण बागलाणातली, म्हणजे या सटाणा तालुक्यातली, माणसं भाषण ऐकत नाहीत, तपासतात. बाबांनी विचारलं की हे नवीन सिम शे कोठे, दखाडा ना. मी सांगितलं की ते दिसत नाही, फोनच्या आत असतं. बाबा शांतपणे म्हणाले, “देवनं बी लोके असंच सांगतस.” गर्दी हसली आणि त्यानंतर प्रत्येकाला तोंड फुटलं. बॅटरी संपली की आपलं सिम शेजाऱ्याच्या फोनात घालून दोन कॉल करायची इथली रीत आहे, तिचं काय होणार? मी म्हणालो, ते जमणार नाही. एका बाईंनी वेगळीच अडचण काढली. त्यांचा माणूस भांडणात चिडला की फोनमधलं सिम काढून दातानं मोडतो. राग तेवढ्यावर भागतो. सिमच नसलं तर तो फोन आपटेल, आणि फोन महाग आहे. याला कंपनीनं दिलेल्या पत्रकात उत्तर नव्हतं.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत रफिकभाई आले.

साठीच्या आसपासचे, मेंदी लावलेली दाढी, काळं जाकीट, चालणं असं की पुढे वरात असावी. सटाण्यातला त्यांचा बँड वडिलांपासूनचा. त्यांनी फोन उघडून आतलं कार्ड तळहातावर घेऊन दाखवलं. मूळचं मोठं कार्ड. दर नव्या फोनला खाच लहान होत गेली तशी त्यांच्या बायकोची, भाभींची, कात्री त्यावर चालत गेली. आता प्लॅस्टिक जवळजवळ नव्हतंच, पितळी चकती तेवढी उरली होती. कंपनीला जे गेल्या वर्षी सुचलं ते भाभींनी कधीच निम्मं करून ठेवलं होतं.

“साहेब, हा नंबर अब्बांनी घेतलेला. सटाणा, कळवण, देवळा, भिंतीभिंतीवर रंगवलेला आहे. हे कार्ड मेलं तर मला ब्रश घेऊन भिंती पुसत फिरावं लागेल. तुमच्या त्या सिममध्ये मरायची भीती नाही ना?”

मी म्हणालो, नाही. आणि हे मी अगदी मनापासून म्हणालो.

ते “आलो” म्हणून गेले आणि परतले ते बँड घेऊन. लाल अंगरखे, डोक्यावर तुरे, सगळा ताफा. बागलाणातलं पहिलं हिरवं सिम रफिकभाईंचं, तर ते वाजतगाजत व्हायला नको? कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. ट्रम्पेटवाला माझ्या कानापाशी उभा राहिला.

आता नियम असा आहे की सगळ्यात आधी गिऱ्हाइकाचा फोन तपासायचा. सगळ्या फोनमध्ये ती आतली चिप नसते. हे मला माहीत होतं. मी हातही पुढे केला होता, आणि “थांबा” असंही म्हणालो. पण माझं “थांबा” आमच्या घरातही ऐकू जात नाही, इथे तर ढोल होता. रफिकभाईंनी तोवर कंपनीला मेसेज पाठवून टाकला. मेल आयडी त्यांना नव्हता, म्हणून त्यात घालायला मीच माझा आधी देऊन ठेवला होता. मंजुरी आली, स्कॅन करायचं चौकोनी चित्र माझ्या मेलवर आलं आणि कात्रीतून इतकी वर्षं वाचलेलं ते कार्ड एका मिनिटात मेलं.

मग मी फोन तपासला. त्यात ती चिप नव्हती.

कंपनीच्या हेल्पलाइनवर एक मुलगी गोड आवाजात सांगत होती की चित्राची मुदत थोडी आहे आणि ते एकदाच वापरता येतं. म्हणजे त्या घडीला रफिकभाईंचा नंबर ना कार्डात होता ना फोनमध्ये, मध्येच कुठेतरी लोंबकळत होता. माझ्या फोनमध्ये चिप होती. मी ते चित्र माझ्याच फोनवर घेतलं. पडद्यावर माझ्या रेंजच्या रेघांशेजारी आणखी एका नंबरच्या रेघा उभ्या राहिल्या. मंडळींना वाटलं काम फत्ते झालं, आणि बँड जोरात सुरू झाला.

नंबर परत द्यायला एकच वाट होती: रफिकभाईंच्या नावानं नवीन प्लॅस्टिकचं कार्ड काढायचं. आम्ही आमच्याच कंपनीच्या दुकानात गेलो. दुकानदार ओशाळून म्हणाला की हिरव्या मोहिमेसाठी तालुक्यातली सगळी प्लॅस्टिक कार्डं कंपनीनं कालच नाशिकला परत मागवली. कार्ड आता परवा मी वणीला असेन तिथे येणार होतं, आणि अंगठा द्यायला रफिकभाईंना स्वतः यावं लागणार होतं. माझा फोन मी ठेवून जाऊ शकत नव्हतो, मोहिमेचं सगळं काम त्यातच होतं. थोडक्यात, परवापर्यंत बँडचा नंबर माझ्यासोबत हिंडणार होता.

रफिकभाई ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मला घरी जेवायला घेऊन गेले. काळ्या मसाल्याचा रस्सा, बाजरीची भाकरी, वर भाभींचा आग्रह. आमच्याकडे नुकसान करून गेलेल्या माणसाला पाणीसुद्धा नीट मिळत नाही. जेवताना ते हळूच म्हणाले की एक फोन यायचा आहे. कळवणचे आबा, कांद्याचे मोठे व्यापारी. त्यांच्या घरची लग्नं अब्बांच्या काळापासून याच बँडनं वाजवलेली. यंदा नातीचं लग्न, आणि घरातली पोरं डीजे आणू म्हणतायत.

“आबा दोनदा फोन करत नाहीत. ती सुपारी मिळाली तर बाकीची गावं मागोमाग येतात. तिथे डीजे वाजला तर समजा, मी वाद्यं माळ्यावर टाकली. इतनाही है.”

त्यांचा भाचा सलीम वाढायला मदत करत होता. तिशीचा, लाजरा, साधारण माझ्याच जातकुळीचा. तो बँडमध्ये बेंजो वाजवायचा, तो बटणांचा आडवा बेंजो, ज्याच्या तारा नखीनं छेडतात. त्यानं नखी दाखवली. सिमच्या चौकटीचा कापलेला तुकडा. दुसऱ्या कशानं तसा खणखणीत आवाज निघत नाही, म्हणाला. मग अगदी अदबीनं विचारलं, “साहेब, सगळेच डिजिटल झाले तर चौकटी कुठून आणायच्या?” मी हसलो. त्यानं त्याचा नंबर दिला. काहीही फोन आला तर मी सलीमला कळवायचं, तो मामूंना सांगणार, असं ठरलं.

कळवण

फोन बसमध्येच सुरू झाले. पहिल्याला मी “राँग नंबर” म्हणून बसलो आणि मग मीच उलटा फोन लावून माफी मागितली. दुसऱ्या बाई होत्या, मागच्या वर्षी बँड उशिरा आला म्हणून नवऱ्या मुलीची मावशी कशी रडली ते त्यांनी सौंदाणे फाट्यापासून सांगायला घेतलं. मी सगळं ऐकून घेतलं. ऐकायची मला सवय आहे. शेवटी त्या म्हणाल्या, “जाऊ द्या भाऊ, तुमच्याशी बोलून मोकळं वाटलं.” असं मला आयुष्यात कुणी म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळवणच्या लॉजवर दाढी करताना मला एक गोष्ट सुचली. ज्या धंद्यात माझे केस पिकले त्या धंद्यातली ही पहिल्या इयत्तेची गोष्ट: एका नंबरवर येणारे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवता येतात. नंबर माझ्या खिशात राहिला असता आणि फोन सलीमकडे वाजले असते. अर्ध्या मिनिटाचं काम. मी तोंडाला साबण तसाच ठेवून सेटिंग उघडलं, सलीमचा नंबर घातला आणि शेवटचं बटण दाबायचं तेवढं बाकी होतं.

फोन वाजला. देवळ्याहून कुणी गृहस्थ होते. बँडच ना, म्हणाले.

“बोला मालक,” मी म्हणालो.

हे ‘मालक’ माझ्या तोंडात कुठून आलं, मला अजून कळलेलं नाही. पण ते आलं आणि पाठोपाठ सगळंच येत गेलं. वरात मारुतीपासून काढायची की शाळेपासून, यावर मी त्यांना सल्ला दिला. मी देवळ्यातला मारुती पाहिलेला नाही. नवरदेव घोड्यावर बसायला भितो म्हणाले, तर मी त्यांना धीर दिला. त्यांनी तारीख सांगितली, ती मी सलीमला कळवतो म्हणालो. फोन ठेवला तेव्हा आरशात साबण लावलेला एक माणूस हसत होता.

मी सेटिंग बंद केलं. म्हटलं, दुपारी करू.

कळवणला कांद्याच्या बाजार आवारात भाषण होतं. लाल कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत, हवेत असा वास की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी. माझ्या भाषणानं कुणी गहिवरलं, असा माझा क्षणभर गैरसमज झाला. एक पंचविशीची मुलगी मात्र शेवटपर्यंत ऐकत होती. तिनं नेमके प्रश्न विचारले, फोन स्वतःच आधी तपासून घेतला आणि तिथल्या तिथे हिरवं सिम करूनही घेतलं. जुनं कार्ड तिनं मला परत दिलं आणि विचारलं, आता याचं तुम्ही काय करणार? मी ते खिशात ठेवलं. त्याचं काय करायचं ते कंपनीनं सांगितलं नव्हतं.

दुपारी आबांचा फोन आला.

“रफिक?”

मी म्हणालो, मी त्यांचा माणूस बोलतोय. नेमका तेव्हाच आवारातला भोंगा झाला, आणि तो आबांनी ओळखला. “कळवणातच हेस तू. मग ये ना घरी. फोनवर काय लगीन ठरतं का?”

त्या क्षणी मी सलीमला फोन करून सांगू शकलो असतो, की आबांचा फोन आलाय, मामूंना बोलू दे. बसनं रफिकभाई संध्याकाळपर्यंत पोचलेही असते. मी शर्ट खोचला आणि आबांचं घर विचारत निघालो.

आबा कांदा साठवायच्या चाळीसमोर खुर्ची टाकून बसले होते. पांढरं धोतर, पाय सुजलेले, आवाज ठणठणीत. मी टेकलो, चहा आला. मग आतून नात आली, पल्लवी. सकाळची तीच मुलगी.

“तुम्ही सकाळी सिमचं भाषण करत होता ना?”

मी हो म्हणालो.

“आणि बँड?”

“बँडचं पण बघतो.”

पल्लवीनं भुवया वर केल्या. आबांनी मात्र सहानुभूतीनं मान हलवली. “आजकाल एका धंद्यात भागतं कुठं.”

घरातलं भांडण असं होतं. पल्लवीच्या भावाला डीजे हवा होता, आबांना बँड. पल्लवीला दोन्ही नको होतं. जनरेटरचा धूर, भिंती हादरवणारा आवाज, मागे उरणारा कचरा यांचा तिला वीट आला होता. भावानं डीजेवाल्याला संध्याकाळी बोलावलंही होतं.

आणि मग मी बोललो. पाठ केलेलं नाही, माझं माझं. मी म्हणालो, “ताई, डीजे डिझेलवर चालतो. बँड फुंकेवर चालतो. माणूस भाकरी खातो आणि वाजवतो, त्याला दुसरं इंधन नाही.”

ती हसली. माझ्या बोलण्यावर कुणी तरुण माणूस हसलं की मला काहीही कबूल करावंसं वाटतं. तिनं विचारलं, बँडसोबत ती दिव्यांची गाडी असते, तिचा जनरेटर? मी म्हणालो, आणणार नाही. डोक्यावरचे प्लॅस्टिकचे तुरे? काढू. आणि तो बेंजो, त्याला अॅम्प्लिफायर लागतो, त्याला बॅटऱ्या, गाडी?

“बेंजो नाही,” मी म्हणालो.

आबा पुढे वाकले. “बेंजो बी नाय?”

“नाही आबा. फक्त फुंकेचं आणि कातड्याचं.”

आबांनी सुजलेल्या पायांवरून हात फिरवला. “मला बेंजो लय आवडतो,” ते हळू म्हणाले. मग नातीकडे बघून, “पण लगीन तिचं हे, माझं नाय. घे सुपारी.”

मी चाळीच्या आडोशाला जाऊन सलीमला फोन लावला. आधी सुपारी मिळाली हे सांगितलं. पलीकडे तो ओरडून मामूंना सांगायला निघाला होता, त्याला थांबवून मी अटी सांगितल्या. गाडी नाही, तुरे नाहीत, बेंजो नाही.

तो म्हणाला, “म्हणजे मी नाही.”

“या एका लग्नात.”

“ठीक आहे, साहेब. सुपारी मिळाली, ते मोठं. मामूंना सांगतो मी.”

मी तेव्हाच परत जाऊन म्हणू शकलो असतो की आबांना बेंजो हवाय, एवढा तर राहू दे. पल्लवी समजूतदार मुलगी होती. पण आतून पोह्यांचा वास येत होता, आबा मला ‘मास्तर’ म्हणून हाक मारत होते, आणि बँडमास्तर म्हणून मला कुणी हाक मारावी अशी माझी इच्छा होती हे मला तोवर माहीतच नव्हतं.

वणी

वणीला सप्तशृंगी गडावर जाणाऱ्यांची गर्दी. पेठेत ओटीचं सामान, नारळ, पेढे, आणि या सगळ्याच्या मध्ये माझा बॅनर. आमच्या नाशकात देवाला निघालेला माणूस पार्किंग शोधतो, इथला आधी ओळखीचा शोधतो. मला कुणी ओळखीचं नव्हतं, पण फोन थांबत नव्हता.

कारण कळवणची बातमी माझ्याआधी पोचली होती. आबांकडे जसं ठरलं तसंच आमच्याकडे, असं म्हणत अभोण्याहून फोन आला, दिंडोरीहून आला. धूर नाही, गाडी नाही, बिनबेंजोचा बँड. मोठ्या घरानं केलं की ती रीत होते, ही आमच्या जिल्ह्याची जुनी खोड. एका फोनवर मी म्हणू पाहिलं की बेंजो घेतला तरी चालेल, तसा तो बरा वाजतो. समोरचा म्हणाला, “आबांनी नाय घेतला ना? मग आम्हाला पण नको.” मी “बरं मालक” म्हणालो. आणि प्रत्येक तारीख सलीमलाच कळवत राहिलो, कारण दुसरा नंबर माझ्याकडे नव्हता. तो प्रत्येक वेळी विचारायचा, “बेंजो?” मग विचारायचं त्यानं बंद केलं.

कॉल वळवायचं सेटिंग मी त्या सकाळी पुन्हा उघडलं होतं. पुन्हा बंद केलं. म्हटलं, आता एकच दिवस राहिला.

दुपारी रफिकभाई आले. अंगावर इस्त्रीचा सदरा. भररस्त्यात त्यांनी मला मिठी मारली. म्हणाले की माळ्यावर जाणार होती ती वाद्यं आता धुऊन पुसून अंगणात मांडली आहेत, भाभी अंगरख्यांना बटणं लावतायत. आम्ही दुकानात गेलो. त्यांनी अंगठा दिला. मग नवीन कार्ड निघालं: खोक्यातून पाकीट, पाकिटातून प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीतून चौकट, सोबत ‘पर्यावरण वाचवा’ म्हणणारं चकचकीत पत्रक. प्लॅस्टिक वाचवायच्या माझ्या मोहिमेत सटाणा तालुक्याच्या नावावर जमा झालेला हा एकमेव ऐवज.

थोड्या वेळानं माझ्या फोनवरच्या त्या दुसऱ्या रेघा विझल्या. पडद्यावर माझा एकट्याचा नंबर राहिला. मला फोन करणारी माणसं म्हणजे बायको, ऑफिस आणि कर्ज देऊ करणारे. मी उगाच फोन कानाला लावून बघितला.

रफिकभाईंनी कार्ड मोडून काढलं आणि चौकट जपून जाकिटाच्या खिशात ठेवली. “सलीमसाठी,” म्हणाले. मग स्वतःशीच, “या सीझनला तो वाजवेल कुठे, पण असू दे.”

मी म्हणालो, “रफिकभाई, एक सांगायचं होतं.”

“आधी चहा.”

चहा आला आणि त्यांचा फोन वाजला. मी कान टवकारले. रफिकभाई फोनवर म्हणाले, “हां. कोण? तारीख? हो. माणूस पाठव.” आणि ठेवला. एवढंच. मी थक्क झालो. मग हसून म्हणाले की फोनवाला विचारत होता, कालचा तो गोड बोलणारा कुठे गेला. “आता कुणी विचारलं तर सांगेन, तो मोठा साहेब होता, फक्त तीन दिवस आला होता. साहेब, तुम्ही माझी सगळी कटकट सोसलीत. कुणी सोसत नाही.”

यानंतर मी काय सांगणार होतो? मी चहा संपवला.

पुन्हा कळवण

लग्नाचं आमंत्रण मला दोन्हीकडून होतं, मुलीकडून आणि बँडकडून. रजा टाकून गेलो. घरी सांगितलं, मोहिमेचं काम आहे.

वरात निघाली आणि मला खरंच वाटलं की हे असं असावं. धूर नव्हता. दिव्यांच्या गाडीऐवजी बायकांच्या हातात पणत्या. क्लॅरिनेटवाला श्वास घेतो तो ऐकू येत होता. गिरणा काठाकडून येणारं वारंसुद्धा सूर घेऊन जात होतं. म्हाताऱ्या बायका एकमेकींशी बोलत चालल्या होत्या आणि त्यांना ओरडावं लागत नव्हतं. कुणाच्या छातीत धडधडलं नाही, एक तान्हं पोर तर ढोलाशेजारी झोपून गेलं. पल्लवी लांबून हात हलवून हसली. माझ्या भाषणांनी नाही झालं ते या वरातीनं झालं. दोघं-तिघं जण स्वतःहून हिरव्या सिमबद्दल विचारायला आले, आणि या वेळी मी सगळ्यांचे फोन आधी तपासले.

सलीम सगळ्यात मागे होता. लाल अंगरखा, हातात झांजा. मी त्याच्याजवळ गेलो.

“झांज शिकतोय, साहेब,” तो म्हणाला.

“जमते का?”

“सोपी आहे. दोनच सूर. वाजली, आणि नाही वाजली.”

मी हसलो, तोही हसला. मग रफिकभाईंनी हात वर केला आणि तो पुढे पळाला. पंगतीला तो माझ्या शेजारीच बसला होता. मी वाढप्याला त्याच्या पानात जिलेबी वाढायला लावली, मठ्ठा मागवला, बोललो मात्र हवेतल्या गारठ्याबद्दल. आबा दाराशी खुर्चीत बसून बँड ऐकत होते, अधूनमधून गुडघ्यावर बोटं आपटत. तिथून त्यांच्यापर्यंत सलीमला नेणं म्हणजे दहा पावलं होती. मी मठ्ठा प्यायलो आणि बस पकडली.

सलीमचा बेंजो त्या सीझनला कुठेच वाजला नाही. हे छापून आलं तरी तो वाचणार नाही, त्याला तोंडानंच सांगावं लागेल. कॉल त्याच्या फोनवर वळवता येतात हे मला दुसऱ्याच दिवशी सकाळी सुचलं होतं आणि मी ते मुद्दाम केलं नाही; केलं असतं तर आबांचा फोन त्यालाच आला असता. आणि आबांना बेंजो लय आवडतो, हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही. या दोन गोष्टी मी सलीमला देणं लागतो. अजून दिलेल्या नाहीत.